आश्चर्य, संशोधन की सैन्य?

प्रश्न : ‘सिव्हिलायझेशन ५’ या संगणकीय रणनीती खेळाच्या वरच्या काठिण्यपातळीवर ग्रेट लायब्ररी (जगात एकाच खेळाडूला बांधता येणारे ‘आश्चर्य’) बांधायला घेतली की शेजारी चालून येतो आणि सैन्य वाढवले की संशोधन रखडते. काय करावे?

उत्तर : त्या पातळीवर संगणकाला आरंभीच आघाडी दिलेली असल्याने ग्रेट लायब्ररीची शर्यत बहुधा हातची जाते आणि अपुऱ्या बांधकामापोटी मिळणारे सोने वाया गेलेल्या टर्नची भरपाई करत नाही. माझ्या मते प्रत्येक शहरात ग्रंथालय उभारून नॅशनल कॉलेज गाठावे. ही वास्तू ज्या शहरात असेल त्याचे संशोधन 50 टक्क्यांनी वाढते, शिवाय ती राष्ट्रीय (प्रत्येक खेळाडूला स्वतःची बांधता येणारी) वास्तू असल्याने दुसरा कोणी ती आधी बांधून आपली संधी हिरावू शकत नाही. संरक्षणासाठी तटबंदी आणि नकाशावरच्या दोन षट्कोनी घरांवरून मारा करणारे तीन-चार तिरंदाज ठेवावेत, कारण एका षट्कोनात एकच लढाऊ तुकडी मावत असल्याने डोंगरामधल्या चिंचोळ्या वाटेत मोठी फौजही खोळंबते.