आमच्या वाचनालयाच्या वेबसाईटवर कॉन्टॅक्ट फॉर्म, सभासदांसाठी लॉगिन आणि पुस्तकांच्या यादीसाठी सबडोमेन कसं करायचं?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: वाचनालयाची वर्डप्रेसची साईट साध्या शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साईटी) आहे, फॉर्म भरला की "धन्यवाद, संदेश पोचला" असं दिसतं पण मेल काही येत नाही, अहवाल आणि इतिवृत्तं फक्त सभासदांना दिसावीत असं कार्यकारिणीचं म्हणणं आहे, आणि पुस्तकांची नोंद कोहामध्ये (वाचनालयांसाठीचं सॉफ्टवेअर) सुरू केलीये ती सबडोमेनवर (डोमेनच्या आधी एक शब्द जोडून होणारा वेगळा पत्ता) लावायचीय. छोट्या संस्थांच्या साईटी सांभाळणं हे माझं रोजचं काम आहे, त्यात वाचनालयंही आली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, तुम्ही ज्या क्रमाने विचारलंय त्या क्रमाने करू नका. फॉर्म, लॉगिन, सबडोमेन ही तीन वेगळी कामं वाटतात पण तिन्हीचा जीव डीएनएसमध्ये आहे, म्हणजे तुमच्या डोमेनची साईट आणि मेल कुठल्या सर्व्हरवर हे सांगणाऱ्या नोंदवहीत. फॉर्मचा मेल का येत नाही याचं उत्तर तिथे, सभासद पासवर्ड विसरला की जाणारा मेल त्याच वाटेने जातो, पुस्तक परत करायची आठवण कोहा मेलनेच पाठवतं आणि सबडोमेन तर डीएनएसमध्येच तयार होतं. तेव्हा आधी डीएनएस कोणाच्या हातात आहे ते शोधा. डोमेन एकीकडून घेतलेलं, होस्टिंग दुसरीकडून आणि ज्याने साईट करून दिली तो मुलगा नोकरीला बाहेरगावी, हे आपल्याकडे घरोघरी आहे. डोमेन जिथून घेतलंय तिथे लॉगिन करून नेमसर्व्हर (ही नोंदवही ठेवणारे सर्व्हर) कुठले लिहिलेत ते बघा, ते ज्या कंपनीचे असतील तिथेच रेकॉर्ड, म्हणजे त्यातल्या नोंदी, बदलायचे, दुसरीकडे कितीही बदल केलेत तरी काही होणार नाही (लोक दोन-दोन दिवस वाट बघत बसतात "अजून अपडेट झालं नसेल" म्हणून). आणि तिथे आहातच तर डोमेन कोणाच्या नावावर आहे तेही बघून घ्या, संस्थेच्या नावावर नसेल तर बाकी सगळं सोडून आधी ते करा.

आता फॉर्म. कॉन्टॅक्ट फॉर्म ७ हा प्लगिन (वर्डप्रेसला जोडायचा जादा भाग) वापरत असाल असं धरून चालतो, बहुतेक ठिकाणी तेच असतं. होतं काय, की फ्रॉममध्ये फॉर्म भरणाऱ्याचाच मेल पत्ता टाकलेला असतो, म्हणजे रिप्लाय मारायला सोपं. पण मग तुमचा सर्व्हर एखाद्या जीमेलवाल्याच्या नावाने मेल पाठवतोय असं होतं, आणि जीमेल बघतं की हा मेल तर गुगलच्या सर्व्हरवरून निघालेलाच नाही, की टाकलं स्पॅममध्ये, नाहीतर घेतच नाही. म्हणून फ्रॉममध्ये तुमच्याच डोमेनचा पत्ता हवा, संपर्क किंवा कार्यालय अशा नावाचा, आणि भरणाऱ्याचा पत्ता रिप्लाय-टूमध्ये. एवढ्याने बऱ्याच ठिकाणी निम्मं काम होतं.

उरलेलं निम्मं म्हणजे वर्डप्रेस जो मेल पाठवतं तो मुळात पीएचपीच्या साध्या मेल फंक्शनने जातो, लॉगिन नाही, सही नाही, काही नाही. एसएमटीपीचा, म्हणजे मेल सर्व्हरला लॉगिन करून मेल पाठवणारा, एखादा प्लगिन टाका आणि डोमेनच्या खऱ्या मेलबॉक्सचा पासवर्ड देऊन ५८७ किंवा ४६५ पोर्टवरून पाठवा. मग डीएनएसमध्ये एसपीएफचा (तुमच्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी) टीएक्सटी रेकॉर्ड, म्हणजे मजकुराची नोंद, घाला, डीकिम (मेलवरची डिजिटल सही) चालू करा. इथे एक घोळ हमखास होतो: एका डोमेनला एसपीएफचा रेकॉर्ड एकच चालतो. होस्टिंगवाल्याने एक घातलेला असतो, नंतर मेल सर्व्हिसवाला सांगतो "हा रेकॉर्ड घाला" म्हणून दुसरा घातला जातो, की दोन्ही बाद. नवीन जे काही असेल ते जुन्याच ओळीत जोडायचं. झालं की फॉर्ममधून एखाद्या जीमेलवर मेल पाठवा, तो उघडून तीन टिंबांच्या मेनूत "शो ओरिजिनल" दाबा, वरच्या तक्त्यात एसपीएफ आणि डीकिमसमोर पास दिसलं पाहिजे. २०२४ च्या फेब्रुवारीपासून जीमेलने यातलं निदान एक तरी सगळ्यांनाच सक्तीचं केलंय, तेव्हा "आधी तर चालत होतं" याला आता अर्थ नाही.

आणि फ्लेमिंगो प्लगिन टाकाच. कॉन्टॅक्ट फॉर्म ७ आलेले संदेश स्वतः कुठेही साठवत नाही, मेल गेला तर गेला, नाही गेला तर तो संदेश कायमचा गेला. फ्लेमिंगो ते डेटाबेसमध्ये ठेवतं.

फॉर्मवर रकाने कमी ठेवा. फोनच्या रकान्यात कोणी मराठी कीबोर्डवरून ९८२२ असे देवनागरी आकडे टाकले तर बऱ्याच प्लगिनमध्ये "नंबर चुकीचा" असं येतं आणि ज्येष्ठ सभासद तिथेच सोडून देतात, त्यापेक्षा फोनसाठी साधा मजकुराचा रकाना बरा. स्पॅमसाठी ट्रॅफिक सिग्नल ओळखायला लावणारे फोटो नकोत, हनीपॉट (फक्त स्पॅमचे बॉट भरतात असा लपलेला रकाना) किंवा टर्नस्टाइल (क्लाउडफ्लेअरची, कोडी न घालणारी तपासणी) पुरतं.

सबडोमेन. तुमच्या बाबतीत ते खरोखर लागणार आहे, म्हणून हो म्हणतोय. नाहीतर फोटोंसाठी एक, बातम्यांसाठी एक अशी सबडोमेनं काढणाऱ्यांना मी सरळ सांगतो की साईटवर एक पान करा आणि विषय संपवा. कोहाची गोष्ट वेगळी. ते न्यूझीलंडमधल्या एका वाचनालयासाठी बनलं आणि २००० साली तिथे सुरू झालं, तेव्हापासून मुक्त सॉफ्टवेअर आहे, पण ते पीएचपीवर नाही तर पर्लवर चालतं आणि त्याला डेबियन किंवा उबुंटूचा स्वतंत्र सर्व्हर लागतो, शेअर्ड होस्टिंगवर बसत नाही. म्हणजे एक छोटा व्हीपीएस (भाड्याचा स्वतंत्र आभासी सर्व्हर) घ्यावा लागेल, ४ जीबी रॅमचा असेल तर निवांत चालेल. मग डीएनएसमध्ये एक ए रेकॉर्ड (हे नाव कुठल्या आयपीवर, म्हणजे सर्व्हरच्या आकडी पत्त्यावर, जायचं ते सांगणारी नोंद): नावाच्या जागी फक्त "ग्रंथ" (इंग्रजी अक्षरांत, आणि फक्त तेवढंच, पूर्ण डोमेन लिहिलंत तर काही पॅनलमध्ये डोमेन दोनदा लागतं आणि मग शोधत बसा), समोर व्हीपीएसचा आयपी. मुख्य साईट जिथे आहे तिथेच राहते, तिला हातही लावायचा नाही.

मुख्य साईटचं एसएसएल (एचटीटीपीएससाठीचं प्रमाणपत्र) दुसऱ्या सर्व्हरवरच्या या सबडोमेनला कामाला येत नाही, व्हीपीएसवर लेट्स एन्क्रिप्टचं वेगळं घ्या, फुकट असतं पण मुदत ९० दिवसांची, त्यामुळे ते आपोआप नवीन होतंय ना हे सुरुवातीलाच तपासा. कोहाच्या सेटिंगमध्ये ओपॅकबेसयूआरएल म्हणून एक खाना आहे (ओपॅक म्हणजे सभासदांना दिसणारी पुस्तकांची यादी), त्यात हा नवा पत्ता भरा नाहीतर कोहाच्या मेलमधल्या लिंका उघडणार नाहीत. ग्रंथपालांचा स्टाफवाला भाग मुळात वेगळ्या पोर्टवर असतो, तो जगाला उघडा ठेवू नका, वाचनालयाच्या इंटरनेटपुरताच ठेवा. आणि मराठी वाचनालयासाठी सगळ्यात महत्त्वाचं: कोहातल्या झेब्रा या शोधयंत्राला आयसीयू इंडेक्सिंग (वेगवेगळ्या लिप्या समजणारी शोधसूची) चालू करून घ्या, ते नसेल तर देवनागरीतली शीर्षकं शोधताना धड निकाल येत नाहीत आणि मग ग्रंथपाल म्हणतात हे सॉफ्टवेअर मराठीला चालत नाही. पुस्तकांच्या हजारो नोंदी टाकून झाल्यावर करण्यापेक्षा आत्ताच करा.

कोहाचे मेल थेट व्हीपीएसवरून पाठवायच्या फंदात पडू नका, बऱ्याच व्हीपीएसवाल्यांनी २५ पोर्ट बंदच ठेवलेलं असतं. फॉर्मसाठी जी एसएमटीपी लावलीत तीच इथे द्या.

राहिला सभासद विभाग. इथे आधी थांबून विचार करा, कारण सभासदाला लॉगिन कशाला हवं असतं? माझ्याकडे कुठलं पुस्तक आहे, कधी परत द्यायचं, मुदत वाढवायची, मागणी नोंदवायची. हे सगळं कोहाच्या ओपॅकमध्ये आयतं आहे, प्रत्येक सभासदाला तिथे स्वतःचं खातं मिळतं. मग वर्डप्रेसवर दुसरं लॉगिन करून काका-मावशींना दोन पासवर्ड लक्षात ठेवायला लावण्यात काय हशील? एकीकडे लॉगिन केलं की दुसरीकडे आपोआप होईल असंही समजू नका, दोन वेगळे सर्व्हर, दोन वेगळी खाती.

वर्डप्रेसवर राहतात ते फक्त अहवाल, ताळेबंद आणि इतिवृत्तं. लोक काय करतात, पानाला पासवर्ड लावतात आणि पीडीएफ नेहमीसारखी मीडियामध्ये चढवतात. हे म्हणजे कपाटाला कुलूप आणि पुस्तकं बाहेर टेबलावर. पीडीएफ जाते अपलोड्सच्या फोल्डरमध्ये, वर्ष आणि महिन्याच्या उपफोल्डरात, आणि तिची लिंक ज्याच्या हाती लागेल त्याला ती पासवर्डशिवाय उघडते, गुगलला सापडली तर गुगलवर सुद्धा. तपासायचं असेल तर पीडीएफची लिंक कॉपी करून इन्कॉग्निटो खिडकीत टाका, उघडली तर विभाग बंद नाहीये. सर्च इंजिनांसाठीच्या रोबोट्सच्या फाईलमध्ये "इथे येऊ नका" लिहूनही उपयोग नाही, ती फाईल कोणीही वाचू शकतो. लॉगिन तपासून मगच फाईल देणारा प्लगिन घ्यावा लागतो, किंवा सरळ त्या फाईली गुगल ड्राइव्हवर ठेवून ठराविक मेल पत्त्यांनाच परवानगी द्यायची. तुमच्यासारख्या तालुक्याच्या वाचनालयाला मी दुसरा मार्ग सुचवेन, सांभाळायला काही नाही. आणि एक सामाईक पासवर्ड तर नकोच, सभेच्या आधी तो व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला असतो.

तरीही वर्डप्रेसवरच करायचं ठरलं तर "कोणीही नोंदणी करू शकतो" हे बंद ठेवा, खाती ग्रंथपालांनी उघडावीत, सगळ्यांना सबस्क्रायबर एवढाच दर्जा, आणि ती पानं कॅशमधून (तयार पानांच्या साठ्यातून) वगळा, नाहीतर एकासाठी बनलेलं पान भलत्यालाच दिसायचं. सभासदांची फोन-पत्त्यांची यादी मात्र कुठल्याही लॉगिनच्या आड चढवू नका, २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आहेच, पण तो नसता तरी ती यादी ऑनलाईन कशाला हवी?

आणि पुढेमागे व्हीपीएस बदललात किंवा बंद केलात तर डीएनएसमधला तो ए रेकॉर्ड त्याच दिवशी काढा. तो आयपी नंतर दुसऱ्या कोणाला दिला जातो, आणि मग तुमच्या वाचनालयाच्या नावाच्या पत्त्यावर त्याची साईट उघडते, ती कसलीही असू शकते.