गाडीचं लॉक फोडलं, चावी गेली: दुरुस्ती आधी की पोलीस?

तुमच्या पत्रातली हकिकत थोडक्यात अशी. चौदा वर्षं जुनी गाडी रात्री रस्त्यावर उभी होती. ड्रायव्हरच्या बाजूचं लॉक स्क्रू ड्रायव्हर घालून फोडलं, स्टिअरिंगखालचं कव्हर उचकटलं. म्युझिक सिस्टिम गेली आणि कप्प्यातली आरसी व दुसरी चावीही गेली. ठाण्यात म्हणाले, ‘चार हजारांचा माल, साधा अर्ज द्या.’ विमा फक्त थर्ड पार्टी. गॅरेजवाला म्हणतो, भंगारातलं लॉक तुमच्या चावीला जुळवून स्वस्तात बसवतो. बसवू का, हा तुमचा प्रश्न.

आज बसवू नका. दोन दिवस दार आतून बंद करून दुसऱ्या बाजूने चढा-उतरा, पण फुटलेलं लॉक आहे तसं राहू द्या, पोलिसांसाठी तोच पुरावा आहे.

ठाण्यातल्या साहेबांचं म्हणणं अगदीच निराधार नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३०३(२) खाली पाच हजारांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी अदखलपात्र ठरते, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. पण त्यांनी फक्त म्युझिक सिस्टिमची किंमत धरली. स्टिअरिंगखालचं, इग्निशनचं कव्हर कुणी म्युझिक सिस्टिमसाठी उचकटत नाही, गाडीच न्यायचा तो प्रयत्न दिसतो. गाडीची किंमत पाच हजारांहून नक्कीच जास्त आहे, म्हणजे हा दखलपात्र गुन्ह्याचा प्रयत्न झाला. फिर्यादीत हे वाक्य स्पष्ट लिहा, जवळून काढलेले फोटो जोडा, एफआयआरची प्रत मागून घ्या; ती फुकट द्यावी लागते. तरीही नोंद नाकारली, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, त्यानंतर दंडाधिकारी आहेतच.

गाडी ठाण्यात अडकून पडेल ही तुमची भीती मला कळते, कित्येक जण याच धास्तीने तक्रार करत नाहीत. अशा प्रकरणात बहुधा जागेवर पंचनामा आणि फोटो पुरतात. गाडी जप्त केलीच, तरी ती सुपूर्तनाम्यावर, म्हणजे लागेल तेव्हा हजर करण्याची हमी लिहून देऊन, परत मागता येते. वाहनं ठाण्याच्या आवारात सडत ठेवू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सुंदरभाई देसाई प्रकरणात बजावलं आहे.

पंचनामा झाला की खुशाल स्वस्तात दुरुस्त करा. फक्त गॅरेजवाल्याची ती युक्ती तुमच्या बाबतीत घातक आहे. लॉक जुन्या चावीला जुळवलं, तर चोराच्या खिशातल्या चावीनेही ते उघडेल! त्याऐवजी दारांची आणि इग्निशनची बॅरल (चावी जिथे फिरते ती नळी) उघडून आतल्या चावीच्या खाचांशी जुळणाऱ्या पत्त्या नव्या चावीप्रमाणे बदलून घ्या. चांगला चावीवाला हे करतो आणि पूर्ण नवा सेट घेण्यापेक्षा हे पुष्कळ स्वस्त पडतं. फुटलेलं एक बॅरल मात्र बदलावंच लागेल. ते जुनं घ्यायला कायद्याची हरकत नाही, पण पक्की पावती घ्या. चोरीचा माल आहे असं वाटायला जागा असताना तो घेणं न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. चोरीने पोळलेल्या माणसाने नकळत तिकडे पाय टाकू नये, म्हणून सांगतो.

विम्याकडून काही मिळणार नाही, थर्ड पार्टीत स्वतःच्या गाडीचं नुकसान येतच नाही. त्याची फार हळहळ करू नका. संपूर्ण विमा असता तरी दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा (जुनेपणापोटी कापली जाणारी रक्कम), वर किमान हजार रुपये स्वतःच्या खिशातून, आणि नो क्लेम बोनसवर, म्हणजे दावा न केल्यास हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीवर, पाणी. लॉकसारख्या खर्चात हाती काही उरलं नसतं.

चावी गेल्याचं फिर्यादीत वेगळ्या ओळीत येऊ द्या. पुढे कधी संपूर्ण विमा घेतलात आणि गाडी चोरीला गेली, तर कंपनी दोन्ही चाव्या मागते. तेव्हा हीच ओळ कामाला येईल. आरसीचंही तसंच. डुप्लिकेटसाठी नमुना २६ भरताना पोलिसांकडची नोंद जोडावी लागते. ती हातात येईपर्यंत डिजिलॉकरमधली आरसी दाखवली तरी चालते.