खोलीबाहेर न येणाऱ्या भावाला 'वेलकम टू द एनएचके' ही मांगा वाचायला द्यावी का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. धाकटा भाऊ 24 वर्षांचा, शेवटच्या वर्षाला कॉलेज सोडलं, दीड वर्ष झालं खोलीतून बाहेर येत नाही, जेवणाचं ताट दाराशी ठेवावं लागतं. आधी तो अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, खूप बघायचा, म्हणून कुणीतरी तुम्हाला ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, सुचवली. 'त्याच्याच विषयावर आहे आणि विनोदी आहे म्हणतात, वाचून त्याला बरं वाटेल का?' असं तुम्ही विचारलंय.

आधी तुम्ही वाचा. त्याच्या हातात आत्ताच देऊ नका. मी स्वतः चौदा महिने अशा खोलीत काढलेत आणि ही मांगा मी त्याच दिवसांत वाचली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुळात ही तात्सुहिको ताकिमोतो यांची 2002 सालची कादंबरी. त्यांनीच पुढे मांगाची कथा लिहिली आणि चित्रं केंजी ओइवा यांनी काढली. 2004 ते 2007 या काळात ती आली, एकूण 8 खंड आहेत. 2006 मध्ये 24 भागांचं अ‍ॅनिमेही निघालं. ताकिमोतो स्वतः असं कोंडून घेतलेलं आयुष्य जगलेले आहेत आणि त्यांनी ते लपवलेलं नाही. वाचताना हे पानोपानी जाणवतं. बाहेरून बघणाऱ्याला खोलीतल्या माणसाच्या सबबी इतक्या बारकाईने माहीत असणं शक्य नाही.

नायक सातो, वय 22. कॉलेज सोडून टोकियोशेजारच्या कावासाकीत एका भाड्याच्या खोलीत जवळपास चार वर्षं पडून आहे. घरून पैसे येतात त्यावर चाललंय. एनएचके ही खरं तर जपानची सार्वजनिक दूरचित्रवाणी, आपल्या दूरदर्शनसारखी. पण सातोच्या डोक्यात त्या तीन अक्षरांचा अर्थ 'निहोन हिकिकोमोरी क्योकाई' असा होतो, म्हणजे जपानमधल्या हिकिकोमोरींची, घरात कोंडून घेतलेल्या माणसांची, संघटना. आपल्यासारख्या तरुणांना घरात डांबून ठेवायचा कट ही संघटना करतेय, अशी त्याची खात्री पटते. वाचणाऱ्याला हसू येतं. मला त्यात एक अगदी खरी गोष्ट दिसली. माणूस आत अडकला की त्याला कारण लागतं, आणि 'मला भीती वाटते' हे कारण तोंडातून निघत नाही. मग कुणाचा तरी कट, कुणाची तरी नजर, शेजाऱ्यांचं हसणं, काहीही चालतं. मी कंपनीतल्या माझ्या साहेबावर सगळं ढकललं होतं. तो माणूस वाईट होता हे खरं, पण माझ्या खोलीची कडी त्याने लावली नव्हती.

हिकिकोमोरी हा शब्द तुम्ही आता वारंवार ऐकाल. सहा महिन्यांहून जास्त काळ शाळा, काम, मित्र सगळं सोडून घरात राहणारा माणूस, असा साधारण अर्थ. तामाकी साइतो या मनोविकारतज्ज्ञांनी 1998 मध्ये यावर पुस्तक लिहिलं आणि जपानभर हा शब्द पसरला. तेव्हा हा पोरवयातला प्रश्न समजला जायचा. 2010 मध्ये जपान सरकारच्या पाहणीत 15 ते 39 वयाचे सुमारे 6 लाख 96 हजार लोक असे निघाले. पुढे 2019 मध्ये 40 ते 64 वयाच्या लोकांचा अंदाज जाहीर झाला, तो होता सुमारे 6 लाख 13 हजार. म्हणजे काही पोरं त्याच खोलीत म्हातारी होत होती. आता तिकडे '8050' असा शब्दच रूढ झालाय: ऐंशीचे आईवडील आणि त्यांच्या पेन्शनवर जगणारं पन्नाशीचं लेकरू. सातो खरा असता तर आज पंचेचाळिशीच्या आसपास असता. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. 'वय आहे, होईल आपोआप ठीक' असं म्हणत नातेवाईक तुम्हाला थांबवतील, तेव्हा थांबू नका, एवढ्यासाठी सांगतो. आणि हे जपानचंच खूळ आहे असंही समजू नका. 2015 साली आलेल्या एका अभ्यासात जपान, दक्षिण कोरिया आणि अमेरिकेबरोबर भारतातलीही अशी माणसं होती.

आता त्याला का देऊ नका, ते. ही मांगा हसवते, पण ती फार काळोख्या जागांतून जाते. गोळ्यांची नशा आहे, उघडीनागडी चित्रं आहेत, लहान मुलींबद्दलचे काही प्रसंग मला आजही किळसवाणे वाटतात. सातोची शाळेतली एक सीनियर त्याला एका बेटावर घेऊन जाते. त्याला वाटतं सहल आहे, प्रत्यक्षात ती एकत्र जीव द्यायला निघालेल्या अनोळखी माणसांची टोळी असते. हा भाग ताकिमोतोंनी प्रामाणिकपणे लिहिलाय, पण तुमचा भाऊ आत्ता कोणत्या मनःस्थितीत आहे हे तुम्हाला किंवा मला दाराबाहेरून कळत नाही. शिवाय घरच्यांनी असं पुस्तक दारातून आत सरकवलं की त्याचा आत एकच अर्थ लागतो: 'हे बघ, तू हा आहेस.' माझ्या वडिलांनी मला यशस्वी माणसांची चरित्रं आणून दिली होती. हेतू चांगलाच होता. मी त्या पुस्तकांच्या पाठी भिंतीकडे करून ठेवल्या होत्या.

तुम्ही मात्र वाचाच, आणि दोन व्यक्तिरेखांकडे लक्ष ठेवून वाचा.

पहिली मिसाकी. ही सतरा-अठरा वर्षांची मुलगी सातोच्या दारात येते आणि म्हणते, मी तुला यातून बाहेर काढते. त्याच्याशी चक्क करार करते. रोज रात्री बागेत बोलावून फ्रॉइड, युंग वगैरे मनाचा अभ्यास करणाऱ्यांची पुस्तकं वाचून त्याला व्याख्यानं देते. सुरुवातीला वाटतं, किती भली पोरगी आहे! पुढे उलगडत जातं की तिच्या स्वतःच्या जखमा सातोपेक्षा जुन्या आहेत, आणि तिला आपल्याहून खाली असलेला, आपल्यावाचून ज्याचं चालणार नाही असा कुणीतरी हवा आहे. तो बरा झाला तर ती पुन्हा एकटी. मदत करणाऱ्याच्या पोटात काय असतं हे इतकं उघडं करून दाखवणारं लिखाण मी फार कमी वाचलंय. तुम्ही तशा आहात असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण घरातल्या आजाऱ्याचं करता करता त्याचा आजार हेच आपलं काम होऊन बसतं, आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. माझ्या आईचं झालं होतं. ती दोन लग्नांना गेली नाही, भिशी सोडली, आणि मी आतून ते सगळं मोजत होतो. प्रत्येक वेळी बाहेर येणं आणखी जड व्हायचं, कारण आता एवढ्या सगळ्याची परतफेड करायची होती. तुम्ही नोकरीला जाताय, मैत्रिणींना भेटताय, हे त्याला ऐकू येऊ द्या.

दुसरी, सातोच्या शाळेतली वर्गप्रमुख मुलगी. ती त्याला साखळी विक्रीच्या जाळ्यात ओढते, आणि वाचणाऱ्याला तिचा राग येतो. मग कळतं की तिच्या घरात बंद दाराआड एक भाऊ आहे आणि ती सगळं त्याच्यासाठी ओढतेय. ते प्रकरण तुम्ही वाचाल तेव्हा तुम्हाला जवळ कुणीतरी असू द्या. माझ्या ताईने ते वाचून पुस्तक मिटलं आणि बराच वेळ काही बोलली नाही.

साइतो यांनी एक आकृती मांडली आहे, तीन वर्तुळांची: माणूस, कुटुंब आणि समाज. एरवी ही वर्तुळं एकमेकांना टेकलेली असतात. हिकिकोमोरीच्या घरात ती सुटी होतात. मुलगा आईबापांपासून तुटतो, आणि आईबाप लाजेपोटी जगापासून तुटतात. जपानीत 'सेकेनतेई' असा शब्द आहे, म्हणजे चारचौघांतली आपली इज्जत. आपल्याकडे 'लोक काय म्हणतील' हे वाक्य तेच काम करतं. आमच्याकडे कुणी आलं की आई सांगायची, 'स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय.' मी दाराआडून ऐकायचो. तिची काही चूक नव्हती, पण त्या एका वाक्याने आम्ही दोघेही कोंडले गेलो. म्हणून साइतो सांगतात की मुलगा डॉक्टरकडे येत नसेल तर आधी घरच्यांनी जावं. हे नक्की करा. त्याच्या नावाने वेळ घेऊन तो आला नाही म्हणून परत येऊ नका, स्वतःसाठी वेळ घ्या. कोंडून घेण्यामागे नैराश्य असू शकतं, लोकांची तीव्र भीती असू शकते, आणखी काही गंभीर आजाराची सुरुवातही असू शकते. तो फरक डॉक्टरच करू शकतात, मांगा नाही आणि मीही नाही. जवळ कुणी नसेल तर टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक 14416 आहे. दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं, आणि घरचे लोकही फोन करू शकतात. मरणाबद्दल तो एक शब्द जरी बोलला, तरी तो दिवस उलटू देऊ नका.

दुसरं, उपदेश बंद. 'तुझ्या वयाची पोरं बघ' हे वाक्य तर कायमचं बंद. रोजची साधी बोलणी मात्र चालू ठेवा, ज्यांच्या उत्तरातून त्याचं भविष्य ठरणार नाही अशी. माझी ताई रोज संध्याकाळी दाराबाहेरून विचारायची, 'चहा टाकतेय, आलं घालू का?' बस्स, एवढंच. सुरुवातीचे कितीतरी दिवस मी उत्तर दिलं नाही. ती थोडं थांबायची, मग तिची पावलं स्वयंपाकघराकडे जायची, आणि कप दाराशी यायचा, आलं घातलेला. एकदा माझ्या घशाशी जळजळत होतं म्हणून आतून म्हणालो, 'आज नको.' त्या दिवसाचा चहा बिनआल्याचा आला. माझं बोलणं कुणीतरी ऐकलं आणि त्याप्रमाणे काहीतरी झालं, असं कित्येक महिन्यांनी घडलं होतं. त्यानंतर मी रोज उत्तर देऊ लागलो.

ही मांगा मला घरच्यांनी दिली नाही. मुंबईचा एक जुना मित्र असे खंड जमवायचा. त्याने पहिले दोन कुरिअरने पाठवले, आत चिठ्ठी नाही, काही नाही. फोनवर मेसेज आला, 'उजवीकडून वाचायचं असतं, विसरू नको.' घरच्यांकडून आलेलं आणि मित्राकडून आलेलं यात हा फरक असतो. तुमच्या भावाचा असा एखादा मित्र शिल्लक असेल तर त्याला शोधा. पुस्तक नसलं तरी चालेल, तो सहज एखादा मेसेज करेल एवढं पुरे.

सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. सातो फार हिंमत करून एका मांगा कॅफेत काम मागायला जातो. काउंटरवर नेमकी मिसाकी. अर्धवेळ कामाला जपानीत 'बाइतो' म्हणतात. याच्या तोंडून 'बाइ' एवढं निघतं आणि शरमेने पुढचं अक्षर फिरतं. 'बाइतो'चं 'बाइक' होतं, मोटरसायकली किती छान असतात असं काहीतरी बरळतो आणि पळून येतो. त्याच महिन्यात मी एकदा रात्री जिना उतरून खाली गेलो होतो. खरंच चालायला जायचं होतं. फाटकाशी शेजारचे काका भेटले, म्हणाले, 'अरे, किती दिवसांनी! काय चाललंय सध्या?' मी म्हणालो, 'वर फोनला रेंज नव्हती', आणि तसाच वर आलो. ती शरम मी आठवडाभर चघळत होतो. जगात एवढा भित्रा मी एकटाच, असं वाटत होतं. आणि इथे कावासाकीतला हा पोरगा एका अक्षरावर अडखळून पळत होता, आणि कुणीतरी ते चित्र काढून छापलं होतं.

मी मोठ्याने हसलो. दुपारची वेळ होती, आई मिक्सरवर चटणी वाटत होती. मिक्सर बंद झाला. ती पुन्हा ऐकू येतंय का म्हणून थांबली होती, हे मला भिंतीपलीकडून कळत होतं. मी ते पान पुन्हा उघडलं.