‘इव्हँजेलिकल’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे : अमेरिकेतल्या निवडणुकांच्या बातम्यांत ‘इव्हँजेलिकल मतदार’ हा शब्दप्रयोग सतत येतो. त्यासाठी मराठीत कुणी ‘धर्मप्रचारक ख्रिस्ती’ लिहितं, कुणी ‘कट्टर ख्रिस्ती’, कुणी ‘मूलतत्त्ववादी’, आणि एखाद्या अनुवादात ‘सुवार्तिक’ही दिसतो. यांपैकी बरोबर कोणता? आणि मराठी प्रतिशब्द हवाच असेल तर कोणता घ्यावा?

राजकीय बातमीपुरतं माझं उत्तर : यांपैकी एकही नको. ‘इव्हँजेलिकल’ तसाच ठेवावा, पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या ओळीत खुलासा करावा, आणि मुळात त्याच्या आधी ‘व्हाइट’ असेल तर ‘गोरे’ हे विशेषण कधीही गाळू नये. धर्माविषयीच्या लेखनात ‘सुवार्तावादी’ चालेल. आता कारणं.

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ चांगली बातमी. मराठी बायबलने त्यासाठी ‘शुभवर्तमान’ आणि ‘सुवार्ता’ असे दोन्ही शब्द वापरले आणि ते मराठी ख्रिस्ती समाजात पक्के रुजले. ‘मत्तयकृत शुभवर्तमान’ हे तर नवीन करारातल्या पहिल्या पुस्तकाचं नाव. वसईच्या कॅथलिकांचं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी अनेक वर्षं संपादित केलेलं मासिक म्हणजे ‘सुवार्ता’. थोडक्यात, सुवार्ता सगळ्याच ख्रिस्ती पंथांची आहे. तिच्यावरून झालेला ‘सुवार्तिक’ मात्र कामाचं नाव आहे : सभा घेऊन, गावोगाव फिरून सुवार्ता सांगणारा. पौल तीमथ्याला सुवार्तिकाचं काम कर असं सांगतो, ते याच अर्थाने. मोठमोठ्या मैदानांत सभा घेणारे बिली ग्रॅहम सुवार्तिक होते. आयोवातला मक्याचा शेतकरी रविवारी चर्चला जातो आणि नोव्हेंबरात मत देतो, तेवढ्याने तो सुवार्तिक होत नाही. इंग्रजीत या दोघांसाठी ‘इव्हँजेलिस्ट’ आणि ‘इव्हँजेलिकल’ असे वेगळे शब्द आहेत. ‘धर्मप्रचारक’ लिहिलं की तीच गल्लत होते. ‘धर्मप्रचारकांनी ट्रम्प यांना मतं दिली’ हे वाचून मराठी वाचकाला प्रवचनकारांची एखादी संघटना डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात विषय कोट्यवधी सामान्य मतदारांचा असतो.

मग इव्हँजेलिकल कोण? ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी १९८९ मध्ये सांगितलेल्या चार खुणा आजही अभ्यासक वापरतात. बायबल हेच अंतिम प्रमाण मानणं, ख्रिस्ताच्या क्रूसावरच्या मरणाला श्रद्धेच्या मध्यभागी ठेवणं, प्रत्येकाने स्वतः मन पालटून विश्वास स्वीकारणं, आणि तो विश्वास प्रचारात व समाजकार्यात उतरवणं. हा एक पंथ नाही. बॅप्टिस्टांत, पेंटेकोस्टलांत आणि कुठल्याच पंथाला न जोडलेल्या असंख्य स्वतंत्र चर्चांत हे लोक विखुरलेले आहेत. आणि या चार खुणांत पक्षाचं नाव कुठेही नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

आपल्याकडचा एक दुवा इथे फार उपयोगी पडतो. १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल मुंबईत आले, पुढे अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) अमेरिकन मराठी मिशनचं मोठं केंद्र उभं राहिलं, १८४२ मध्ये तिथून ‘ज्ञानोदय’ निघालं. हे मिशनरी ज्या ‘अमेरिकन बोर्ड’ने पाठवले ती त्या काळच्या इव्हँजेलिकलांचीच संस्था. याच बोर्डाचे मिशनरी तिकडे जॉर्जियात चेरोकी लोकांमध्ये काम करत होते. डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन मूळ रहिवाशांना त्यांच्या जमिनींवरून हुसकायला निघाले, तेव्हा बोर्डाच्या लोकांनी त्याला उघड विरोध केला. मिशनरी सॅम्युएल वूस्टर त्यापायी तुरुंगात गेले आणि १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. १८३० मध्ये सिनेटमध्ये जॅक्सन यांच्या त्या विधेयकाविरुद्ध तासन्‌तास बोललेले थिओडोर फ्रेलिंगहायझन पुढे याच बोर्डाचे अध्यक्ष झाले. १८४४ च्या निवडणुकीत ते जॅक्सनविरोधकांच्या व्हिग पक्षातर्फे उपाध्यक्षपदाचे उमेदवार होते. म्हणजे अहमदनगरचं मिशन चालवणाऱ्या संस्थेचा अध्यक्ष अमेरिकेत पक्षाच्या तिकिटावर उभा होता! धर्म आणि पक्ष यांची सांगड तिथे १९८० मध्ये पहिल्यांदा बसली असं आपल्याकडे जे सर्रास लिहिलं जातं, ते म्हणूनच मला पटत नाही.

आता ‘मूलतत्त्ववादी’. हा ‘फंडामेंटलिस्ट’चा प्रतिशब्द, आणि त्या शब्दाचा जन्मही अमेरिकेतल्याच प्रोटेस्टंटांमधला. १९१० ते १९१५ या काळात ‘द फंडामेंटल्स’ नावाची पुस्तिकांची मालिका निघाली. १९२० मध्ये कर्टिस ली लॉज या बॅप्टिस्ट संपादकाने आपल्याच बाजूच्या लोकांना अभिमानाने ‘फंडामेंटलिस्ट’ हे नाव दिलं. १९२५ मध्ये टेनेसीतल्या डेटन गावी शाळेत उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल शिक्षकावर खटला चालला, आणि त्यानंतर या शब्दाला शहरी वर्तमानपत्रांत हिणकस वास चिकटला. पुढच्या पिढीतल्या काहींना श्रद्धा तीच ठेवायची होती, पण जगापासून फटकून राहणं नको होतं. त्यांनी १९४२ मध्ये ‘नॅशनल असोसिएशन ऑफ इव्हँजेलिकल्स’ स्थापन केली. म्हणजे ‘फंडामेंटलिस्ट’पासून वेगळं दिसण्यासाठीच त्यांनी ‘इव्हँजेलिकल’ हे जुनं नाव पुन्हा हाती घेतलं. त्याचं भाषांतर ‘मूलतत्त्ववादी’ केलं, तर त्यांनी मेहनतीने ओढलेली रेघ आपण अनुवादात पुसून टाकतो.

डेटनच्या खटल्यात उत्क्रांतिवादाच्या विरोधात उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन हे १८९६, १९०० आणि १९०८ अशा तीन निवडणुकांत डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते. बायबल प्रमाण मानणारा हा माणूस शेतकऱ्यांच्या कर्जाबद्दल, रेल्वे कंपन्यांच्या मक्तेदारीविरुद्ध आणि प्राप्तिकराच्या बाजूने बोलत असे. आजच्या मोजपट्ट्या लावून त्याला ‘उजवा’ किंवा ‘डावा’ म्हणून पाहा; कुठल्याच कप्प्यात तो नीट बसत नाही.

शब्द राष्ट्रीय चर्चेत आला तोही डेमोक्रॅटामुळेच. १९७६ मध्ये जिमी कार्टर हे सदर्न बॅप्टिस्ट, रविवारच्या शाळेत बायबल शिकवणारे उमेदवार आपण ‘बॉर्न अगेन’ आहोत असं मोकळेपणी सांगत होते. ‘न्यूजवीक’ने त्या वर्षाला इव्हँजेलिकलांचं वर्ष म्हटलं. इथे अनुवादकांना एक कळकळीची विनंती : ‘बॉर्न अगेन’ला ‘पुनर्जन्म झालेला’ लिहू नका. मराठीत पुनर्जन्म मरणानंतरचा. हा याच आयुष्यातला पालट आहे, आणि मराठी बायबलमध्ये त्यासाठी उत्तम शब्द तयार आहे. योहानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू निकदेमाला सांगतो की ‘नव्याने जन्मल्यावाचून’ देवाचं राज्य दिसत नाही. ‘नव्याने जन्मलेला ख्रिस्ती’ असं लिहिलं की काम झालं.

चारच वर्षांत वारं फिरलं. १९७९ मध्ये जेरी फॉलवेल या बॅप्टिस्ट पाळकांनी (पास्टरांनी) ‘मॉरल मेजॉरिटी’ ही राजकीय संघटना काढली. ऑगस्ट १९८० मध्ये डॅलसच्या मेळाव्यात रिपब्लिकन उमेदवार रोनाल्ड रेगन यांनी जमलेल्या पाळकांना सांगितलं की तुम्हाला मला पाठिंबा देता येत नाही हे मला ठाऊक आहे, पण माझा तुम्हाला पाठिंबा आहे. ‘देता येत नाही’ याला कायद्याचं कारण होतं : करमाफी मिळणाऱ्या धर्मसंस्थांनी उमेदवाराचा प्रचार करू नये असं कलम १९५४ पासून करकायद्यात आहे. त्याला ‘जॉन्सन अमेंडमेंट’ म्हणतात. त्याचं ‘जॉन्सन घटनादुरुस्ती’ करू नये. राज्यघटनेशी त्याचा संबंध नाही.

हे लोक रिपब्लिकन पक्षाकडे का वळले? सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३ च्या रो निकालाने गर्भपाताचा हक्क दिला म्हणून, हे नेहमीचं उत्तर. पण सदर्न बॅप्टिस्टांच्या अधिवेशनाने १९७१ मध्येच काही परिस्थितींत गर्भपाताला कायद्याने मुभा असावी असा ठराव केला होता, आणि त्या वेळी विरोधाची धुरा मुख्यतः कॅथलिकांकडे होती. रँडल बाल्मर यांच्यासारखे इतिहासकार दुसरीकडे बोट दाखवतात : वर्णभेद पाळणाऱ्या खासगी ख्रिस्ती शाळा-कॉलेजांची करमाफी सरकारने काढायला सुरुवात केली, त्याचा राग. बॉब जोन्स विद्यापीठाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८३ मध्ये विद्यापीठ हरलं. या मांडणीवर अभ्यासकांत वाद आहेत. माझ्या मते दोन्ही धागे खरे आहेत, आणि दुसरा धागा विसरला की ‘गोरे’ या विशेषणाचं वजन कळत नाही.

कारण ते विशेषण म्हणजे मूळ मुद्दा आहे. बेबिंग्टन यांच्या चारही खुणा लावल्या तर असंख्य कृष्णवर्णीय प्रोटेस्टंट पुरेपूर इव्हँजेलिकल ठरतात. बायबल तेच, क्रूस तोच, नव्याने जन्मणं तेच. आणि ते मात्र पिढ्यान्‌पिढ्या प्रचंड बहुमताने डेमोक्रॅटिक पक्षाला मत देतात. अटलांटातल्या एबेनेझर बॅप्टिस्ट चर्चमध्ये मार्टिन लूथर किंग पाळक होते. आजचे तिथले ज्येष्ठ पाळक राफाएल वॉर्नॉक जॉर्जियाचे डेमोक्रॅटिक सिनेटर आहेत. जनमत चाचण्या घेणारे म्हणूनच ‘गोरे इव्हँजेलिकल’ आणि ‘कृष्णवर्णीय प्रोटेस्टंट’ असे वेगळे रकाने करतात. २०१६, २०२० आणि २०२४ या तिन्ही निवडणुकांत पहिल्या रकान्यातल्या दहापैकी सुमारे आठ जणांनी ट्रम्प यांना मत दिलं. मराठी बातमीत ‘गोरे’ गळलं की वाक्य असं होतं : ‘श्रद्धाळू ख्रिस्ती रिपब्लिकनांच्या मागे.’ ते खोटं आहे, आणि एबेनेझरच्या बाकांवर बसलेल्या प्रत्येक श्रद्धाळूवर अन्याय करणारं आहे.

‘कट्टर’ला माझा सर्वांत जास्त विरोध आहे. ते भाषांतर नाही, शेरा आहे. शिवाय तो चुकीच्या दिशेने नेतो. २०१६ नंतर प्यू या जनमत अभ्यासणाऱ्या संस्थेच्या पाहणीत असं दिसलं की पूर्वी स्वतःला इव्हँजेलिकल न म्हणवणारे काही गोरे ट्रम्पसमर्थक आता ते नाव लावू लागले आहेत. उलट सदर्न बॅप्टिस्टांच्या सार्वजनिक धोरणविषयक संस्थेचे प्रमुख राहिलेले रसेल मूर ट्रम्प यांच्यावर उघड टीका करत राहिले आणि २०२१ मध्ये त्यांनी तो पंथ सोडला. मूर यांची श्रद्धा काही पातळ झाली नव्हती. पक्षाची निष्ठा आणि धर्मातली तीव्रता अशा वेगवेगळ्या चालतात, आणि ‘कट्टर’ म्हणताना आपण यांतलं नेमकं काय मोजतो हे लिहिणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

बातमीचा रोख श्रद्धेपेक्षा राजकीय आघाडीवर असेल, तर ‘ख्रिस्ती उजवे’ हा शब्द सरळ वापरावा. त्यात कॅथलिकही येतात, मॉर्मनही येतात. रो निकाल उलटवणारा २०२२ चा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो कॅथलिक आहेत. तिथे ‘इव्हँजेलिकल’ लिहिणं सरळ चूक ठरेल. १९६० मध्ये जॉन केनेडींना ह्यूस्टनमध्ये प्रोटेस्टंट पाळकांसमोर उभं राहून, आपण कॅथलिक असलो तरी पोपचे हुकूम पाळणार नाही, हे समजावून सांगावं लागलं होतं. तिथून हे दोन गट एका तंबूत येईपर्यंतचा प्रवास मोठा आहे, आणि तो शब्दांच्या निवडीत दिसला पाहिजे.

‘पास्टर’साठी मराठी प्रोटेस्टंट समाजात ‘पाळक’ हा सुंदर शब्द रोजच्या वापरात आहे, तोच घ्यावा. ‘फादर’ कॅथलिकांचे, वॉर्नॉक किंवा फॉलवेल यांना ‘फादर’ लिहू नये. ‘मेनलाइन प्रोटेस्टंट’चं ‘मुख्य प्रवाहातले’ करण्यातही धोका आहे, कारण एपिस्कोपल, मेथडिस्ट, प्रेसबिटेरियन अशा त्या जुन्या पंथांची संख्या गेली अनेक दशकं घटते आहे. ‘जुने प्रोटेस्टंट पंथ’ हे अधिक बरोबर.

राहिलं लेखन. ‘इव्हँजेलिकल’ आणि ‘इव्हॅन्जेलिकल’ दोन्ही दिसतात. एका मजकुरात एकच ठेवावं, मी पहिलं वापरतो. अनेकवचनी सामान्यरूप मराठी वळणाचं करावं : इव्हँजेलिकलांनी, इव्हँजेलिकलांचा. ‘इव्हँजेलिकल्सनी’ नको. आणि पहिल्या उल्लेखाला खुलासा एवढा पुरे : ‘गोरे इव्हँजेलिकल, म्हणजे बायबल अंतिम प्रमाण मानणारे आणि व्यक्तिगत मनपालटावर भर देणारे गोरे प्रोटेस्टंट’.