ब्राउझरमध्ये मीडिया सर्व्हर उघडत नाही?
पुन्हा इन्स्टॉल करायची घाई नको. जेलीफिन (घरच्या कॉम्प्युटरवरचे सिनेमे-गाणी इतर उपकरणांवर दाखवणारा मीडिया सर्व्हर) ज्या कॉम्प्युटरवर चालतंय, त्याच्याच ब्राउझरमध्ये localhost:8096 टाकून बघा. तिथे उघडलं तर सर्व्हर ठणठणीत आहे, अडचण वाटेत आहे. बहुतेकदा फायरवॉल (नेटवर्कवरची ये-जा तपासणारं सॉफ्टवेअर) तो पोर्ट, म्हणजे 8096 नंबरचा दरवाजा, अडवत असतो. नाहीतर राउटरने कॉम्प्युटरला नवा आयपी अ‍ॅड्रेस दिलेला असतो आणि आपण जुन्याच बुकमार्कवर क्लिक करत बसतो (माझ्या दोन संध्याकाळी यातच गेल्या!). राउटरमध्ये तो अ‍ॅड्रेस राखून ठेवा. कधीकधी ब्राउझर गुपचूप एचटीटीपीएस (https, म्हणजे सुरक्षित जोडणी) लावतो. 8096 वर साधं एचटीटीपी असतं, म्हणून अ‍ॅड्रेस http:// पासून पूर्ण टाइप करा. फोनवरून बघत असाल, तर तो गेस्ट वायफायवर तर नाही ना? तिथून घरातला सर्व्हर सहसा दिसत नाही. जेलीफिनऐवजी प्लेक्स हा मीडिया सर्व्हर असेल तर पोर्ट 32400, आणि पुढे /वेब, इंग्रजी अक्षरांत.