पावणेपाच लाखांचे नळ घ्यावेत का?

सांगलीच्या विश्रामबागेतून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या माध्यमिक शाळेत शिक्षिका आहेत, मिस्टर साखर कारखान्यात नोकरीला. बंगल्याचं काम गिलाव्यापर्यंत आलंय. तीन बाथरूम आणि स्वयंपाकघर यांच्यासाठी त्यांनी पुण्यातल्या एका शोरूममधून परदेशी नळांचं कोटेशन आणलं आहे: 4,70,000 रुपये, त्यावर 15 टक्के सूट, मग 18 टक्के जीएसटी. सूट हवी तर महिनाअखेरीपर्यंत निम्मे पैसे भरायचे. त्याच जागी भारतीय कंपनीचे नळ घेतले तर कर धरून 1,30,000. मधला फरक गृहकर्जावर टॉप-अप, म्हणजे वाढीव कर्ज काढून भागवायचा, नाहीतर लेकीच्या इंजिनिअरिंगसाठी ठेवलेली एफडी मोडायची, असं त्यांच्या मनात आहे. लेक नववीत आहे. मिस्टर नको म्हणतात. ताई लिहितात, "घर काही पुन्हा पुन्हा होत नाही. नळ तर रोज हातात येणारी वस्तू. एकदाच चांगलं घेतलं तर बिघडलं कुठं?"

ताई, नमस्कार.

चांगली वस्तू घ्यावीशी वाटणं यात बिघडलेलं काहीच नाही. वीस वर्षं भाड्याच्या घरात गळका नळ दोरीनं बांधून काढलेल्या बाईला स्वतःच्या घरात सुरेख नळ हवा, हे मला पूर्ण पटतं. पण कोटेशनवरचे आकडे मी कागदावर मांडले आणि पहिल्याच ओळीला थांबलो.

4,70,000 वर 15 टक्के सूट म्हणजे 3,99,500. त्यावर 18 टक्के जीएसटी लावला की होतात 4,71,410. म्हणजे सूट धरूनही तुम्ही मूळ आकड्यापेक्षा 1,410 रुपये जास्तच देताय. ज्या सुटीसाठी महिनाअखेरीची घाई चालली आहे, ती सूट शेवटच्या ओळीत उरतच नाही. आता शोरूमला एकच प्रश्न विचारा: 4,70,000 ही खोक्यावर छापलेली एमआरपी आहे का? असेल, तर एमआरपीत सगळे कर आधीच धरलेले असतात आणि वर वेगळा जीएसटी लावता येत नाही. मग तुमचं बिल 3,99,500 लाच थांबायला हवं. ती करापूर्वीची किंमत असेल, तर प्रत्येक वस्तूची एमआरपी कोटेशनवर लिहून मागा आणि सूट त्या एमआरपीवर किती पडते ते पाहा. हे फोनवर नको, कागदावर घ्या.

खोक्याचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो. बाहेरून आलेल्या मालाच्या खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, कोणत्या देशात बनला आणि एमआरपी हे छापलेलं असावं लागतं. "इम्पोर्टेड ब्रँड" आणि "इम्पोर्टेड माल" यांत फरक आहे. कोहलर ही अमेरिकन कंपनी, पण गुजरातमध्ये झगडियाला तिचा कारखाना आहे. ग्रोहे आपण जर्मन म्हणून ओळखतो, ती 2014 पासून जपानच्या लिक्सिल समूहाकडे आहे. यात वावगं काही नाही, इथे बनलेला माल चांगला असू शकतो. मात्र परदेशातून आल्याची किंमत मोजत असाल तर तो खरंच तिथून आलाय का, हे खोक्यावर वाचून घ्या. आयातदाराचं लेबलच नसलेला माल कितीही स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. उद्या गळायला लागला तर दाद कोणाकडे मागणार?

आता पैसे कुठून आणायचे ते पाहू. दोन्ही कोटेशनमधला फरक आहे साधारण 3,41,000. टॉप-अप 9 टक्क्यांनी 15 वर्षांसाठी घेतलं असं धरा. हप्ता बसतो महिना सुमारे 3,460 आणि शेवटपर्यंत जातात जवळजवळ 6,22,000. एवढी रक्कम फक्त फरकाची, नळांची पूर्ण किंमत नव्हे. एफडी मोडलीत तर मुदतीआधी मोडल्याबद्दल व्याज कापलं जाईल ते वेगळंच. तेच 3,41,000 आणखी 3 वर्षं 7 टक्क्यांनी राहिले तर सुमारे 4,20,000 होतात, आणि त्याच सुमाराला लेकीच्या प्रवेशाची वेळ येते. त्या वेळी पैसा कमी पडला तर शैक्षणिक कर्ज काढाल, म्हणजे नळांचं व्याज लेक नोकरीला लागल्यावर फेडेल. एफडीला हात लावू नका, हे मी अगदी स्पष्ट सांगतो.

"परदेशी नळ पंचवीस वर्षं टिकतो, म्हणजे स्वस्तच पडतो" असं शोरूमवाल्यांनी सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय. हिशोब करून बघू. 7 टक्क्यांनी पैसा साधारण 10 वर्षांत दुप्पट होतो, म्हणजे 3,41,000 चे 6,80,000 च्या आसपास. दहा वर्षांनी भारतीय नळांचा सगळा सेट नवा बसवायची वेळ आली आणि तोवर भावही दुप्पट झाले असं धरलं, तरी 2,60,000 जातील. त्यावर दोन-तीन ठिकाणच्या टाईल्स फोडून बसवायचा खर्च धरा. तरीही बरीच रक्कम हातात उरते. आणि चांगल्या कंपनीचा पितळी नळ दहा वर्षांत अख्खा बदलावा लागतो असंही नाही. आत दोन सिरॅमिकच्या चकत्या एकमेकींवर फिरतात, त्या कार्ट्रिजनंच पाणी सुरू-बंद होतं. परदेशी नळातही तेच तंत्र. कार्ट्रिज खराब झालं तर नवं घालायचं, नळ तोच राहतो. इथल्या कंपनीचं कार्ट्रिज गावात मिळतं. बाहेरचं मागवावं लागतं.

हे मी स्वतः सोसलंय. आमच्या ओट्यावर हौसेनं परदेशी पुल-आऊट नळ बसवला होता, तोटी ओढून पातेल्यापर्यंत आणता येते तसा. चार वर्षं छान चालला. मग आतली लवचिक नळी ओट्याखाली ठिबकायला लागली. जिथून घेतला ते दुकान बंद झालेलं. नळी यायला सात आठवडे लागले. तेवढे दिवस आई बाथरूममधून कळशी भरून आणून भांडी घासायला द्यायची. नळी आली, बसली, नळ आजही चालतो आहे. पण त्या सात आठवड्यांची किंमत कुठल्याच कोटेशनमध्ये लिहिलेली नव्हती.

माझा खरा मुद्दा पाण्याचा आहे, आणि सांगलीत तो सोडून नळाचा विचार करताच येत नाही. तुम्ही लिहिलंय की महापालिकेचं कृष्णेचं पाणी हौदात घ्यायचं, बोअरही आहे, आणि दोन्ही एकाच टाकीत चढवायचं. आपल्या भागातलं बोअरचं पाणी किती जड असतं हे तुम्हाला कुकरच्या तळावरून आणि बादलीच्या काठावरच्या पांढऱ्या थरावरून माहीतच असेल. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलंय, दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यायचा. तुमच्या बोअरचं पाणी प्रयोगशाळेत देऊन आकडा काढून आणा, तपासणीला फार पैसे लागत नाहीत. हे क्षार तापलेल्या पाण्यातून जास्त खाली बसतात, म्हणून गीझरच्या बाजूचं कार्ट्रिज आणि शॉवरची भोकं आधी धरतात. तोटीच्या टोकाची जाळी तर दोन महिन्यांत पांढरी होते. हे परदेशी नळालाही होतं आणि इथल्याही. बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत क्षारामुळे झालेला बिघाड आणि ॲसिडनं घासून गेलेला मुलामा धरत नाहीत. वॉरंटीचा कागद पैसे भरायच्या आधी मागा आणि ती ओळ शोधा.

तुम्ही तीनपैकी दोन बाथरूमला काळे नळ निवडलेत. काळ्यावर हे पांढरे डाग सर्वांत आधी दिसतात. रोज आंघोळीनंतर कोरड्या फडक्यानं पुसणार असाल तरच घ्या. घाईच्या सकाळी, साडेदहाच्या शाळेला निघताना ते जमेल का, तुम्हीच ठरवा. मी तुमच्या जागी असतो तर साधा चकचकीत क्रोम घेतला असता.

गिलाव्याचं काम चालू आहे तोवर एक गोष्ट मात्र जरूर करून घ्या. प्लंबरला सांगून टाक्या दोन करा आणि लाईनही दोन टाका. बोअरचं पाणी फ्लशला, बागेला, अंगण धुवायला. कृष्णेचं पाणी गीझरला, बेसिनला, शॉवरला, स्वयंपाकघराला. आत्ता पाईप आणि मजुरीचा खर्च येईल, पण टाईल्स लागल्यावर हेच करायचं म्हटलं तर भिंती फोडाव्या लागतील. नळांचं आयुष्य वाढवणारा याच्याइतका चांगला खर्च मला दुसरा दिसत नाही.

दुसरी गोष्ट दाबाची. तुम्ही पाठवलेल्या नकाशात टाकी गच्चीवर पाच फुटांच्या स्टँडवर आहे. सुमारे 33 फूट उंचीवरून पाणी आलं की एक बार दाब मिळतो. वरच्या बाथरूमच्या शॉवरपासून तुमच्या टाकीचा तळ आहे जेमतेम साडेआठ फुटांवर, म्हणजे दाब पाव बार. खालच्या मजल्यावर अर्ध्या बारपेक्षा थोडा जास्त. बहुतेक युरोपीय शॉवरच्या माहितीपत्रकात किमान एक बार किंवा त्याहून जास्त दाब मागितलेला असतो. म्हणजे 38,000 चा पावसासारखा शॉवर तुमच्या वरच्या बाथरूममध्ये कडेनं नुसता ठिबकत राहील. प्रेशर पंप बसवला तर चालेल, पण पंप, त्याची वीज आणि लाईट गेल्यावरची पंचाईत यांपैकी काहीच 4,71,410 मध्ये धरलेलं नाही. शोरूममध्ये जो शॉवर तुम्हाला चालू करून दाखवला, त्याच्यामागे पंप होता का, विचारून बघा.

भिंतीत गाडायच्या डायव्हर्टरबद्दल, म्हणजे पाणी शॉवरकडे किंवा खालच्या तोटीकडे वळवणाऱ्या नळाबद्दल शेवटचं. तुमच्या कोटेशनमधली सर्वांत मोठी रक्कम तीच आहे, तीन नगांचे 1,62,000. यात दोन भाग असतात. एक भिंतीच्या आत जाणारी बॉडी, दुसरा वर दिसणारा पत्रा आणि लिव्हर. काही कंपन्यांची आतली बॉडी सगळ्या मॉडेलना एकच चालते, हान्सग्रोहेचा आयबॉक्स तसा आहे. तसं असेल तर दहा वर्षांनी वरचा भाग बदलता येतो, टाईल फोडावी लागत नाही. नसेल, आणि मॉडेल बंद पडलं, तर एका गळतीपायी भिंत उघडावी लागते. तुमच्या बाथरूमच्या भिंती चार इंची आहेत. बॉडीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त खोलीची खूण असते, गिलावा आणि टाईल धरून भिंतीची दर्शनी बाजू त्या दोन खुणांच्या मध्ये आली पाहिजे. प्लंबर आणि गवंडी दोघांना एकत्र उभं करून हे मोजून घ्या. शिवाय या बॉडी टाईल्सच्या आधी लागतात. माल यायला दहा-बारा आठवडे असं शोरूमनं लिहून दिलंय. तितके दिवस टाईल्सवाला थांबला तर तुमचं 9,000 चं घरभाडं चालूच राहणार, म्हणजे तीन महिन्यांचे 27,000 आणखी.

घराची किंमत वाढते, हा शोरूमचा मुद्दा सोडून द्या. सांगलीत घर बघायला येणारा माणूस आधी विचारतो, 2019 ला पुराचं पाणी कुठपर्यंत आलं होतं? मग रस्ता, मग कागदपत्रं. नळाच्या कंपनीवरून भाव वाढवून दिलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

म्हणून माझं मत असं. बाथरूमचं सगळं सामान भारतीय कंपनीचं घ्या, सांगली-मिरजेत जिचा सर्व्हिसवाला आहे अशाच कंपनीचं. शॉवरला रबरी टोकं असलेला प्रकार निवडा, बोटानं चोळलं की क्षार निघतो. स्वयंपाकघरातला तो 62,000 चा नळ तुम्हाला मनापासून आवडलाय, हे पत्रात तीनदा लिहिलंत. तो घ्या. दिवसातून सर्वांत जास्त वेळा तुमचा हात त्याच नळावर जाणार, तो भिंतीत गाडलेला नसतो, आणि कधी बदलावा लागला तर पाना लावून तासाभरात निघतो. एमआरपीवर 15 टक्के सूट खरी मिळाली तर तो 52,700 ला पडेल. भारतीय कोटेशनमधून स्वयंपाकघराच्या नळाचे 13,000 वजा केले की बाकीचे 1,17,000. एकूण 1,69,700. मूळ बेतापेक्षा तीन लाखांहून अधिक वाचतात, टॉप-अप लागत नाही, एफडी जागेवर राहते. मात्र स्वयंपाकघरातल्या त्या नळाची जादा नळी आणि कार्ट्रिज आत्ताच सोबत विकत घेऊन कपाटात ठेवा. भारतीय कोटेशनपेक्षा जादाचे जवळपास 40,000 तुम्ही पडद्यांसाठी आणि झुंबरासाठी बाजूला काढलेल्या रकमेतून येऊ द्या. झुंबर पुढच्या दिवाळीला घेता येईल.

नळ आले की लगेच बसवू नका. बांधकामाची वाळू पाईपमध्ये राहिलेली असते आणि तीच कार्ट्रिजच्या चकत्यांना ओरखडे पाडते. आधी सगळ्या लाईन उघड्या ठेवून पाणी सोडा, स्वच्छ येईपर्यंत. रंगकाम होईपर्यंत प्लास्टिकचे साधे नळ चालवा.

निम्मे पैसे भरायची तारीख जवळ आली आहे, तेव्हा आधी एमआरपीचा कागद मागवा. तो आला आणि बोअरच्या पाण्याचा आकडा कळला की दोन्ही मला पाठवा. डायव्हर्टरचं मॉडेल नक्की करण्याआधी एकदा मिस्टरांना सोबत घेऊन बोलू.