रुग्ण दगावला आणि मला काहीच वाटले नाही

प्रश्न : मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. वय ४१, नोकरीला १७ वर्षे झाली आणि गेली चार वर्षे अतिदक्षता विभागात आहे. एका पाळीत माझ्याकडे चार-चार गंभीर रुग्ण असतात, शिवाय महिन्यातून आठ-दहा रात्रपाळ्या. मागच्या महिन्यात खाट क्रमांक चारवरील आजोबा पहाटे दगावले. बारा दिवस ते आमच्याकडे होते आणि रोज सकाळी मला 'पोरी, चहा घेतलास का?' असे विचारायचे. त्यांची मुलगी माझ्या गळ्यात पडून रडत होती आणि मी मात्र मृत्यूचे कागद पाळी संपायच्या आत पूर्ण होतील का, याचा हिशेब करत होते. मला काहीच वाटले नाही. घरी दहावीतल्या मुलावर क्षुल्लक कारणावरून ओरडते. सुटीच्या दिवशी दहा तास झोपूनही अंग जड राहते. दिवाळीनंतर चार दिवस कोकणात जाऊन आले तेव्हा बरे वाटले, पण कामावर रुजू झाल्यावर आठवड्यात सगळे पूर्ववत झाले. माझ्यातली माया आटली आहे का? नोकरी सोडावी का?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातील सर्वांत जड वाक्य 'मला काहीच वाटले नाही' हे आहे, म्हणून आधी त्याविषयीच लिहितो. सतत दुसऱ्याचे दुःख पाहावे लागणाऱ्या आणि त्या दुःखावर पुरेसा उपाय करायला हाताशी वेळ व माणसे नसणाऱ्या व्यक्तीचे मन काही काळाने भावनांचा प्रवाह रोखून धरते. हे ती जाणूनबुजून करत नाही. कामाच्या ताणातून येणाऱ्या या अवस्थेला 'बर्नआउट' म्हणतात. ख्रिस्टिना मास्लाक या मानसशास्त्रज्ञ महिलेने या अवस्थेची तीन अंगे सांगितली आहेत : भावनिक थकवा, ज्यांची सेवा करायची त्यांच्याविषयी येणारी अलिप्तता आणि आपल्या हातून काही चांगले घडत नाही अशी भावना. त्यांनी सहकाऱ्यांसह १९८१ मध्ये तयार केलेली प्रश्नावली आजही जगभर वापरली जाते. तुमच्या पत्रात यांपैकी पहिली दोन अंगे स्पष्ट दिसतात. अलिप्तता हे थकव्याचे लक्षण आहे, स्वभावाचे नव्हे. माया आटलेल्या बाईला आजोबांचा चहाचा प्रश्न शब्दशः आठवला नसता आणि त्या पहाटेची टोचणी महिनाभर सोबत राहिली नसती.

ही अवस्था कामचुकार माणसांना सहसा गाठत नाही, हेही लक्षात घ्यावे. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये या विषयावर पहिल्यांदा शास्त्रीय लेख लिहिला, तेव्हा त्यांच्यासमोर न्यूयॉर्कमधील मोफत दवाखान्यात जीव ओतून काम करणारे लोक होते आणि स्वतः फ्रॉइडेनबर्गरही त्यांच्यापैकीच एक होते.

आता शरीराविषयी. धोका दिसताच शरीर अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके स्रवून आपल्याला सज्ज करते आणि धोका टळला की ही सज्जता उतरते, अशी मूळ रचना आहे. अतिदक्षता विभागात मात्र दर काही मिनिटांनी कोणते ना कोणते यंत्र वाजते, त्यामुळे सज्जता उतरायला अवधीच मिळत नाही. त्यात कॉर्टिसॉलचे प्रमाण पहाटेपासून वाढून सकाळी सर्वाधिक असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते. रात्रपाळी करणारी व्यक्ती नेमकी या लयीविरुद्ध जागते व झोपते, म्हणून दिवसाची झोप तासांनी पुरेशी वाटली तरी ती तुटक आणि उथळ राहते. 'अ‍ॅड्रिनल ग्रंथी (ही संप्रेरके बनवणाऱ्या) थकल्या आहेत' असे सांगून महागडी पूड किंवा गोळ्या विकणारे अलीकडे बरेच झाले आहेत. अशा निदानाला शास्त्रीय आधार नाही, तेव्हा त्यावर पैसे घालवू नका.

कोकणातील चार दिवसांचा परिणाम का टिकला नाही, याचेही उत्तर आहे. मीना वेस्टमन आणि डोव्ह ईडन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुटीमुळे कर्मचाऱ्यांचा थकवा कमी झाल्याचे दिसले, पण कामावर परतल्यावर तीन आठवड्यांत तो पुन्हा मूळ पातळीवर आला. सुटी आवश्यक असते, पण ज्या भाराने माणूस थकला तो तसाच राहिला तर विश्रांती पुरत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत या अवस्थेची नोंद आजार म्हणून न करता कामाशी निगडित घटना म्हणून केली आहे आणि कामाच्या ठिकाणचा दीर्घकालीन ताण नीट हाताळला न जाणे हे तिचे कारण दिले आहे. चार गंभीर रुग्णांमागे एक परिचारिका, ही तुमची वैयक्तिक उणीव नाही. परिसेविकांशी बोला आणि अधिसेविकांना लेखी अर्ज द्या : सलग रात्रपाळ्या कमी कराव्यात, त्यांच्यानंतर पूर्ण विश्रांतीचे दिवस मिळावेत आणि सहा महिन्यांसाठी तरी दुसऱ्या विभागात बदली व्हावी. दोघी-तिघींनी मिळून अर्ज दिल्यास त्याला वजन येते.

मात्र त्याआधी, याच आठवड्यात, हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ आणि रक्तशर्करा तपासून घ्या व मासिक पाळीत बदल झाले असतील तर डॉक्टरांना तसे सांगा. रक्तक्षय किंवा थायरॉईडचा विकार असाच थकवा आणतो आणि परिचारिका स्वतःची तपासणी शेवटी करतात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. नैराश्याचाही विचार करायला हवा. कोकणात तुम्हाला बरे वाटले, ही आश्वासक खूण आहे. पण कामापासून दूर असतानाही दोन आठवडे कशातच रस वाटला नाही, आपण निरुपयोगी आहोत असे वाटू लागले किंवा मरणाचे विचार आले, तर थांबू नका, मनोविकारतज्ज्ञांकडे जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते.

बरे होण्याची सुरुवात झोपेपासून करा. रात्रपाळीच्या उत्तरार्धात चहा टाळा, सकाळी घरी येताना गडद चष्मा लावा, खोलीत पूर्ण अंधार करा, आणि ते चार-पाच तास कोणी उठवायचे नाही, हे घरात ठरवून टाका. दुपारच्या स्वयंपाकाची जबाबदारी त्या दिवसांत दुसऱ्या कोणाकडे तरी गेली पाहिजे. दहावीतला मुलगा कुकर लावू शकतो. त्याला तुमच्या ओरडण्याचे खरे कारणही सांगा, कारण कारण न कळलेले मूल दोष स्वतःकडे घेते.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातील जोनाथन बार्टल्स या परिचारकाने एक साधी पद्धत सुरू केली : रुग्ण दगावल्यावर उपस्थित सर्वांनी खाटेभोवती मिनिटभर शांत उभे राहायचे, गेलेल्या माणसाची आणि त्याच्यासाठी झटलेल्या हातांची दखल घ्यायची आणि मग पुढच्या कामाला लागायचे. तुम्हाला त्या पहाटे हे मिनिट मिळाले नाही. दुःख करायला जागाच न मिळाल्यामुळे ते साचत गेले. पाळी सोपवताना सोबतच्या सिस्टरांशी 'आज आजोबा गेले, मला जड जातंय' एवढे बोलण्यापासून सुरुवात करता येईल.

नोकरीचा निर्णय तूर्त तीन महिने लांबणीवर टाका. इतक्या थकलेल्या मनाला सगळ्या वाटा बंदच दिसतात. झोप सुधारली, बदली मिळाली आणि तरीही कामावर जाताना छातीवर दडपण येत असेल, तर नोकरी सोडणे हा पराभव नाही, असे मी स्पष्टपणे सांगेन. सुधारणा आठवड्यांत नव्हे, महिन्यांत मोजावी लागते आणि भावना परत येताना बहुधा आनंद आधी येत नाही, रडू येते. एखाद्या दिवशी आजोबांच्या आठवणीने तुम्हाला अचानक रडू आले तर प्रकृती बिघडली असे समजू नका.